टाळ दिला, वीणा केव्हा देणार?

भजनाला उभे राहिल्यावर सुरुवात कशी होते, हे तुम्हा वारकऱ्यांना सांगायला नको. विणेकरी मधे उभा राहतो, दोन्ही बाजूंना टाळकरी, एका अंगाला मृदंग. नामाचा गजर होतो आणि मग रूपाचा अभंग लागतो. विठुरायाच्या दर्शनाने तृप्त झालेल्या मनाचा तो उद्गार. आपल्या भजनाचा पहिलाच अभंग डोळ्यांच्या सुखाचा आहे.

आता असे समजा, की तुमच्या मंडळात डावीकडच्या रांगेत दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा टाळ धरून उभा आहे आणि त्याला जन्मापासून दिसत नाही. तोही तोच अभंग गातो आहे, सुरात गातो आहे. त्याच्याकडे पाहून आपल्या मनात काय येते? एक तर आपण हळहळतो, नाहीतर ‘याला आतले डोळे आहेत हो’ असे म्हणून मोकळे होतो. हळहळ खोटी नसते आणि कौतुकही खोटे नसते. पण या दोन्हींनी त्या मुलाचे काम होत नाही. त्याला हवी असते ती तालीम. ती आजवर कोणी कशी दिली आणि कुठे अडली, त्याचा इतिहास आज तुमच्यापुढे ठेवतो. या इतिहासातल्या बऱ्याच वाटा आपल्या पुण्यातून जातात.

आधी एक गैरसमज बाजूला करू. आपल्या वाङ्मयात आंधळेपणा पुष्कळ वेळा येतो. नाथमहाराजांच्या भारुडांत आंधळा येतो, पांगळा येतो, बहिरा येतो, मुका येतो. ती सोंगे आहेत. तिथला आंधळा म्हणजे डोळस असून परमार्थ न दिसणारा तुमच्या-माझ्यासारखा माणूस. धृतराष्ट्राचेही तसेच. ज्ञानोबारायांनी गीतेच्या पहिल्या श्लोकावर बोलताना त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवले नाही, पुत्रस्नेहाच्या मोहावर ठेवले. आणि एक गोष्ट आपण विसरतो. गीता ऐकणारे कान अर्जुनाचे होते, तसे धृतराष्ट्राचेही होते. सातशे श्लोक संजयाच्या तोंडून त्याने ऐकले. ऐकूनही तो बदलला नाही, हा दोष मोहाचा. न दिसणाऱ्या डोळ्यांचा त्यात काही वाटा नाही. तेव्हा रूपकातला आंधळा रूपकातच ठेवावा. दाराशी आलेल्या मुलाच्या अंगावर तो लादू नये.

आता आपल्या शिकवण्याच्या रीतीकडे पाहा. वारकरी गाणे शतकानुशतके कानाने आणि तोंडाने चालत आले. चाल ऐकायची, मागून म्हणायची, चुकली की पुन्हा म्हणायची. हरिपाठ कागदावरून पाठ होण्याआधी आजोबांच्या मांडीवर पाठ होतो. काकड्याची माळ पहाटेच्या अंधारातच म्हणायची असते, तिथे डोळे असून तरी काय करणार? मृदंगाचे तर नवलच. त्याचा प्रत्येक घात अक्षराने सांगता येतो. धा, ता, तिट, कत, गदिगन असे बोल आधी तोंडाने पढायचे आणि मग हातात उतरवायचे. डाव्या पुडीला कणीक किती लावायची, शाईची पुडी सुरात आली की नाही, हे कानच सांगतो. म्हणजे न पाहता शिकता येईल अशी शाळा आपल्याकडे आधीपासून होती. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या तेव्हा लोकांच्या कंठात अभंग होते, ही कथा आपण भक्तीने सांगतो. त्या कथेत एक शिकवणही आहे. जे पाठ आहे ते कोणी बुडवू शकत नाही.

मग अशी शाळा असताना अंध मुलांचे नशीब का बदलले नाही? कारण शाळा होती, पण प्रवेश दयेवर होता. ज्या घरात किंवा ज्या मंडळात मायेचे माणूस भेटले, तिथे मूल तयार झाले. जिथे भेटले नाही, तिथे त्याच मुलाचा गळा देवळाच्या पायरीवर, बाजारात, पुढे रेल्वेच्या डब्यात झोळी घेऊन फिरला. अशा कुठल्याही गाणाऱ्याला आपण ‘सूरदास’ म्हणू लागलो. एका थोर भक्तकवीचे नाव, पण ते उच्चारताना हात खिशाकडे जातो, पुढे बसून शिकावे असे मनात येत नाही. नावाने मान दिला आणि जागा मात्र पायरीवरचीच ठेवली.

ही जागा बदलण्याची पहिली मोठी धडपड ज्याने केली, त्याचे स्वतःचे डोळे अधू होते. कुरुंदवाडला १८७२ साली विष्णू दिगंबर पलुस्करांचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत कीर्तनकार. लहानपणी शोभेची दारू तोंडाजवळ उडाली आणि मुलाच्या डोळ्यांना कायमची इजा झाली. उपचारासाठी मिरजेला नेले. शिक्षणाची नेहमीची वाट बंद झाली होती. तिथल्या डॉक्टरांनीच गाणे शिकवण्याचा सल्ला दिला, असे त्यांच्या चरित्रांत येते. मिरजेच्या संस्थानिकांचा आश्रय मिळाला आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांसारखा गुरू मिळाला. पुढची कित्येक वर्षे कसून तालीम झाली. इथे थांबून विचार करा. नजर अधू झालेल्या मुलाला आसपासच्या मोठ्या माणसांनी देवळाची पायरी दाखवली नाही, गुरूचे दार दाखवले. सगळा फरक तिथे पडला.

१८९६ च्या सुमारास विष्णुबुवा गुरुगृहातून बाहेर पडले. बडोदे, सौराष्ट्र, ग्वाल्हेर असे फिरत लाहोरला पोहोचले आणि ५ मे १९०१ रोजी तिथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. राजाच्या आश्रयावाचून, लोकांच्या पैशावर चाललेली ती गाण्याची शाळा होती. १९०८ साली मुंबईत शाखा निघाली. गवयाला समाजात मान मिळावा, घरंदाज मुलामुलींनी उजळ माथ्याने गाणे शिकावे, ही त्यांची तळमळ. त्यासाठी त्यांनी स्वरलिपी बसवली, पुस्तके छापली, अभ्यासक्रम आखले. ज्यांना पैसे देणे शक्य नव्हते अशा मुलांना ठेवून घेऊन त्यांच्यातून शिक्षक घडवले. १९३१ साली ते मिरजेत वारले. त्यांच्या शिष्यांपैकी विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय सुरू केले. आज पुण्याच्या पेठांतून संध्याकाळी पेटीचे आणि तबल्याचे जे आवाज येतात, त्यामागे कुरुंदवाडच्या त्या अधू नजरेच्या मुलाची पुण्याई आहे.

पण इतिहास सरळ चालत नाही. गाणे कागदावर आले ही फार मोठी सोय झाली. घराण्यात कुलपे लावून ठेवलेली चीज पुस्तकात आली, परीक्षा आल्या, प्रमाणपत्रे आली, त्यावर नोकऱ्या मिळू लागल्या. मात्र जोवर सगळे गाणे कानानेच शिकवले जात होते, तोवर अंध विद्यार्थी आणि डोळस विद्यार्थी एका सतरंजीवर सारखेच होते. पुस्तक आले आणि त्या सतरंजीच्या मधोमध एक भिंत उभी राहिली. स्वरलिपी वाचता येत नाही, लेखी पेपर लिहिता येत नाही, म्हणून मागे. विष्णुबुवांच्या मनात असे काही नव्हते. पण छापील अक्षराचा हा स्वभाव आहे. ज्याला ते दिसते त्याला ते दार उघडते, ज्याला दिसत नाही त्याच्यापुढे तेच दार बंद होते.

या भिंतीवर दोन वाटांनी मात झाली. एक वाट आपल्या संप्रदायाला जवळची आहे, दुसरी दूर फ्रान्समधून आली.

जवळची वाट गुलाबराव महाराजांची. १८८१ साली विदर्भात जन्म. काही महिन्यांचे असतानाच दृष्टी गेली. अमरावती जिल्ह्यातल्या माधान गावी वाढलेले हे बालक पुढे प्रज्ञाचक्षू म्हणून ओळखले गेले. स्वतःला ते ज्ञानोबामाउलींची कन्या म्हणत. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, एकदा ऐकले की धरून ठेवायचे आणि आपले ग्रंथ तोंडाने सांगून लिहवून घ्यायचे. चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभराहून अधिक ग्रंथ झाले. १९१५ साली पुण्यातच त्यांनी देह ठेवला. त्यांच्याकडे आपण अवतारी पुरुष म्हणून पाहतो आणि ते योग्यच आहे. पण पाहताना त्यांच्या कामाची रीतही पाहा. वाचणारा एक, लिहिणारा एक, आणि मधे ऐकणारी व सांगणारी बुद्धी. ही काही नवी रीत नव्हती. ज्ञानेश्वरी अशीच झाली. माउलींनी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी लिहिली, हे ग्रंथाच्या शेवटीच नोंदलेले आहे. म्हणून संगीताच्या परीक्षेला अंध विद्यार्थी लेखनिक घेऊन बसतो, तेव्हा त्याला सवलत मिळाली असे कोणी नाक मुरडून म्हणू नये. ज्या ग्रंथाला आपण मस्तक लावतो, तोही लेखनिकाच्या हातून कागदावर आला आहे.

दूरची वाट लुई ब्रेलची. पॅरिसमध्ये अंध मुलांची शाळा १७८५ साली व्हॅलेंतीन आयुई यांनी काढली होती. लुई त्याच शाळेत शिकला आणि तिथेच शिक्षक झाला. तो चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असे. १८२९ साली, विशीत असताना, त्याने उठावाच्या ठिपक्यांची आपली लिपी पुस्तकरूपाने मांडली. त्या पुस्तकाच्या नावातच शब्द, संगीत आणि साधी गीते लिहिण्याची पद्धत असे म्हटले होते. ब्रेल म्हणजे केवळ अक्षरे असे आपण समजतो. पण ती लिपी जन्मापासून संगीताची होती, कारण तिचा कर्ता वादक होता. सहा ठिपके, त्यांच्या त्रेसष्ट जुळण्या, आणि त्यातच स्वर, त्यांची लांबी, सप्तक सारे बसवलेले.

हिंदुस्थानात अंध मुलांची शाळा १८८७ साली अमृतसरला निघाली. १९०० साली मुंबईत मिशनच्या बाईंनी शाळा सुरू केली. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईतच व्हिक्टोरिया मेमोरियल शाळा उभी राहिली. पुण्यात १९३४ साली ‘पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड’ सुरू झाले. त्याची मुलांची शाळा कोरेगाव पार्कात आहे आणि मुलींची कोथरूडला. विनायकबुवांचे गांधर्व महाविद्यालय १९३२ चे आणि अंधशाळा १९३४ ची. दोनच वर्षांच्या अंतराने एका शहरात ही दोन दारे उघडली. भारतीय भाषांसाठी मात्र बरीच वर्षे निरनिराळ्या ब्रेल पद्धती चालत राहिल्या. १९५१ साली भारती ब्रेल ठरली, तेव्हा कुठे मराठी, हिंदी, कानडी, तमिळ मुलांच्या बोटांखाली एकाच पद्धतीची अक्षरे आली. आपल्या आळंदीतही आज अंध मुलींसाठी जागृती शाळा आहे. माउलींच्या समाधीला जाणारांपैकी किती जणांना ते ठाऊक असेल, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

ब्रेल आली म्हणजे काम संपले का? नाही. इथे एक बारकावा आहे. डोळस वादक पुढे कागद ठेवून वाजवू शकतो. ब्रेल वाचायला हात लागतो, आणि तोच हात पेटीवर किंवा मृदंगावर हवा असतो. म्हणून अंध वादक आधी बोटांनी वाचतो, पाठ करतो आणि मग वाजवतो. म्हणजे पाठांतर सुटत नाही, पण विसरले तर परत पाहायला हक्काची जागा मिळते. कोणाला ‘जरा सांगता का’ असे विनवावे लागत नाही. कानाने दिलेली विद्या गुरूच्या मर्जीवर असते आणि लिपीने दिलेली स्वतःच्या हातात असते. म्हणून कान आणि लिपी दोन्ही हवीत.

तुम्ही म्हणाल, हे शाळांचे आणि परीक्षांचे झाले, वारकऱ्यांचा यात काय संबंध? संबंध असा. विष्णुबुवा जोग महाराज पुण्याचेच. १९१७ साली त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली. त्याआधी कीर्तनकार घडायचा तो योगायोगाने. ज्याला गुरू भेटला तो घडला. जोग महाराजांनी ठरवले की हे योगायोगावर सोडायचे नाही. चार वर्षांचा अभ्यास, ज्ञानेश्वरी, गाथा, संस्कृत, त्याबरोबर गायन आणि मृदंग. गरिबाच्या मुलालाही दार खुले. योगायोगाच्या जागी व्यवस्था आणली, हेच त्यांचे मोठेपण. लाहोरला विष्णू दिगंबरांनी गवयासाठी जे केले, ते आळंदीला विष्णुबुवांनी कीर्तनकारासाठी केले. मग अंध मुलाचे कीर्तन-भजनाचे शिक्षण तेवढे अजून योगायोगावर का सोडायचे?

यासाठी फार मोठा निधी लागत नाही. तुमच्या गावच्या मंडळात असे मूल आले तर काय करायचे, ते सांगतो. पहिले, हातवाऱ्यांनी सांगू नका, शब्दांनी सांगा. कीर्तनात बुवा नुसता हात करतात आणि टाळ-मृदंग थांबतो. त्या मुलाला तो हात दिसत नाही. मृदंगाची एखादी ठरलेली उठावणी किंवा शेजारच्या टाळकऱ्याचा कोपराचा स्पर्श ठरवून घ्या. दुसरे, पेटी शिकवताना पट्ट्या दाखवू नका, चाचपू द्या. काळ्या पट्ट्या दोन आणि तीन अशा गटांनी असतात. दोनच्या गटातली पहिली म्हणजे काळी एक. एकदा हे बोटांना कळले की सगळी सप्तके कळली. तिसरे, मृदंगावर हात कसा पडतो ते सांगून कळत नाही. त्याचा हात तुमच्या हातावर ठेवा आणि तुम्ही वाजवा. हे करण्याआधी ‘हात धरतो हं’ असे त्याला सांगा. चौथे, पावली खेळताना त्याला रांगेबाहेर बसवू नका. दोन्ही बाजूंना जाणती माणसे द्या आणि आधी सावकाश चार वेळा पावले मोजून घ्या. पाचवे, गाथा आणि ज्ञानेश्वरी त्याच्या हाती कशी पडेल ते पाहा. नऊ हजारांवर ओव्यांची ज्ञानेश्वरी ब्रेलमध्ये अनेक खंडांची होते, घरी ठेवायला जागा लागते. पण आज फोन वाचून दाखवतो, ध्वनिमुद्रित पारायणे मिळतात. मंडळातल्या एका तरुणाने आठवड्यातून एक तास त्याच्यासाठी वाचले, तरी सच्चिदानंदबाबांच्या सेवेचा एक कण त्याच्या पदरी पडेल.

आणि सहावे, जे सगळ्यांत अवघड आहे. तो चुकला तर चूक सांगा. आपण काय करतो? सूर उतरला तरी ‘वा, वा’ म्हणतो, कारण त्याला दिसत नाही. ही दया त्याचा घात करते. बाळकृष्णबुवांनी मिरजेत त्या अधू नजरेच्या मुलाला कच्च्या सुरावर शाबासकी दिली असती, तर लाहोरचे महाविद्यालय झाले नसते आणि पुण्याचेही झाले नसते. गुरूने चूक सांगितली म्हणजे त्याने शिष्य म्हणून स्वीकारले.

ज्येष्ठ वद्यात दोन्ही पालख्या पुण्यात येतात. माउली भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिरात उतरतात, तुकोबाराय नाना पेठेत निवडुंग्या विठोबाकडे. त्या मुक्कामात शहरभर भजन चालते. या वर्षी तुम्ही दिंडीबरोबर आलात तर आपल्या फडातल्या जाणत्यांशी या गोष्टीचा विषय काढा. आपल्या दिंडीत असे कोणी आहे का? असेल तर त्याच्या हातात टाळ आहेच. पण वीणा त्याच्या गळ्यात कधी आली का? वीणा जमिनीला टेकवायची नसते, एकाने दुसऱ्याच्या पाया पडून ती पुढे द्यायची असते. वीणा देणे म्हणजे भजनाची धुरा देणे. टाळ देताना आपण त्याला सामावून घेतो. वीणा देताना त्याच्यामागे आपण चालायला तयार होतो. या दोहोंत फार अंतर आहे, आणि आपल्या संप्रदायाचा इतिहास हे अंतर तोडण्याचाच आहे.

आता पुन्हा त्या रूपाच्या अभंगाकडे येऊ. त्या मुलाने काय पाहिले, असे आपण विचारले होते. खरे तर आपण सगळेच महिनोन्महिने पंढरीपासून दूर असतो. घरी, शेतावर, पुण्याच्या एखाद्या चाळीत भजनाला उभे राहून आपण रूपाचा अभंग म्हणतो, तेव्हा समोर विटेवरची मूर्ती नसतेच. आपणही ऐकलेल्या शब्दांतून आणि आठवणीतूनच देव उभा करतो. मग त्या मुलात आणि आपल्यात त्या घडीला काय उरले? सूर पक्का आहे की नाही, एवढाच प्रश्न उरला. आणि सूर पक्का करून देणे हे शिकवणाराचे काम आहे.

रामकृष्ण हरी.